शालिमार बागेतील वृंदवादन आणि विवादी स्वर

७ सप्टेंबर २०१३ रोजी सायंकाळी श्रीनगरच्या शालिमार बागेत म्यूनिक येथील बव्हेरियन राज्य वाद्यवृंदाने झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली वादन केले. कार्यक्रमाचे नाव ‘एहसास-ए-काश्मीर’ असे होते. त्याचे यजमानपद भारतातील जर्मन वकिलातीकडे होते, आणि संगीताच्या द्वारे शांतीचा व सलोख्याचा संदेश देणे हा त्याचा जाहीर हेतू होता. या घटनेस आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तरीही आम्ही तिच्याकडे पुन्हा वळत आहोत, याचे कारण असे की, त्या कार्यक्रमाविषयी त्या वेळी जे पुष्कळ लिहिले गेले त्यात राजकारणाची चर्चा उदंड होती. परंतु ज्या कलेच्या नावावर हे सारे घडले त्या कलेच्याच कसोटीवर केलेला विचार आमच्या वाचनात फारसा आला नाही. शांतीसाठी संगीत, ऐक्यासाठी संगीत, अशी आवाहने आपल्या संस्थांकडेही वारंवार येतात. शाळांकडे तर वर्षातून दोनदा तरी येतात. तेव्हा हा विचार आपल्याही उपयोगाचा आहे.

प्रारंभीच शब्दांचा थोडा खुलासा करणे इष्ट होईल. ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द मराठी माणसाच्या कानावर प्रथम पडतो तो गणेशोत्सवाच्या मंडपात. आमच्या सुरतेत उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी वस्ती दाट आहे. तेथे भाद्रपदात ऑर्केस्ट्रा म्हणजे चित्रपटगीते म्हणणारे दोघे-तिघे, एक ढोलकी, एक कीबोर्ड आणि रात्री उशिरापर्यंत ओरडणारे कर्णे. ‘कंडक्टर’ या शब्दाची गत त्याहूनही वाईट. आमच्या विद्यार्थ्यांस त्याचा अर्थ विचारला तर एस.टी.तील घंटी ओढणारा गृहस्थच ते दाखवितील. म्हणून या लेखापुरते आम्ही ‘वृंद’ आणि ‘संचालक’ हे शब्द योजले आहेत. संचालकाच्या हातात एक बारीक छडी असते. छडी एके काळी आमच्याही पेशात होती. परंतु तिचा उपयोग निराळा होता, आणि तिच्यातून संगीत निघत असे असे कोणी म्हणणार नाही.

पाश्चात्त्य वृंदात ऐंशी-नव्वद वादक एकत्र बसतात, आणि प्रत्येकासमोर त्याच्या वाद्याचा वेगळा कागद असतो. व्हायोलिने एक सांगत असतात, त्याच क्षणी सनईच्या जातीची वाद्ये दुसरे, आणि पितळी वाद्ये तिसरेच काही सांगत असतात. आपल्याकडे वृंदगान किंवा वृंदवादन म्हटले म्हणजे बहुधा सर्वांनी मिळून एकच स्वरावली म्हणणे अथवा वाजविणे. आकाशवाणीने १९५२ मध्ये दिल्लीस आपला वाद्यवृंद स्थापन करून तो रविशंकरांच्या हाती दिला, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच पेच होता: रागाची रेघ एक आणि हात अनेक. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे ‘हार्मनी’ या शब्दाचे व्यासपीठावरून सर्रास केले जाणारे ‘एकता’ हे भाषांतर किती फसवे आहे ते कळून येते. हार्मनीत सर्व जण एकच बोलत नसतात. ते निरनिराळे बोलतात, आणि शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येईल इतपत आपला आवाज राखतात.

झुबिन मेहता यांचा जन्म मुंबईचा, २९ एप्रिल १९३६ चा. आदल्याच वर्षी त्यांचे वडील मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. एका परक्या संगीतपद्धतीवर जीव जडवून मुंबईसारख्या शहरात ती रुजविण्याची खटपट करणाऱ्या या पारशी गृहस्थाच्या घरात मुलगा वाढला, १९५४ मध्ये तो व्हिएन्नास शिकावयास गेला, आणि पुढे जगाचा झाला. १९६१ साली त्यांनी इस्रायल फिलहार्मोनिकचे प्रथम संचालन केले. १९७७ पासून ते त्या वृंदाचे संगीत-संचालक होते, आणि २०१९ मध्ये त्या पदावरून निवृत्त झाले. म्यूनिकच्या राजकीय ऑपेरागृहाचे संगीत-संचालकपदही त्यांनी १९९८ ते २००६ पर्यंत सांभाळले. शालिमारमध्ये आलेला वृंद हा त्या ऑपेरागृहाचाच वृंद, म्हणजे त्यांच्या हाताखाली वाढलेला. काश्मीरात वादन करण्याची त्यांची इच्छा जुनी होती. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे आम्हांस कारण दिसत नाही, आणि प्रस्तुत लेखात आम्ही ती घेणारही नाही.

कार्यक्रम दूरदर्शनवरून थेट दाखविण्यात आला; सुरतेत बसून आम्ही तो पाहिला व ऐकला. जहांगीराने १६१९ च्या सुमारास वसविलेली ती बाग, पायरीपायरीने उतरत आलेले पाण्याचे पाट, मागे डोंगर, दोहों बाजूंस चिनार, आणि संध्याकाळचा उतरता प्रकाश. एवढे देखणे रंगस्थळ असले म्हणजे कानांची अर्धी परीक्षा डोळेच करून टाकतात. म्हणून आम्ही काही वेळ मुद्दाम डोळे मिटून ऐकले. बेथोव्हेन, हायडन आणि चायकोव्हस्की यांच्या रचना होत्या. उघड्या हवेत तंतुवाद्यांचा स्वर पातळ होतो, ध्वनिक्षेपकावाचून गत्यंतर नसते, आणि ध्वनिक्षेपक आला की वृंदाच्या आवाजातील जवळ-दूरपणा नाहीसा होतो. मागच्या रांगेतील शिंग आणि पुढच्या रांगेतील व्हायोलिन एकाच अंतरावरून बोलू लागतात. तरीही वादन शिस्तीचे होते, सफाईचे होते. म्यूनिकच्या सभागृहात त्याच रचना त्याच वादकांनी याहून चांगल्या वाजविल्या असतील, असे मात्र मनात येत राहिले.

कलेच्या दृष्टीने त्या संध्याकाळचा खरा भाग निराळाच होता. अभय रुस्तम सोपोरी यांची ‘हफ्त रंग’ ही रचना काश्मिरी वादकांनी आणि जर्मन वृंदाने एकत्र बसून सादर केली. सोपोरी हे काश्मिरी पंडितांच्या संतूरवादक घराण्यातील, पंडित भजन सोपोरी यांचे चिरंजीव. १९९० मध्ये ज्या समाजाला खोऱ्यातून बाहेर पडावे लागले त्या समाजातील रचनाकार आणि खोऱ्यातील वादक एका बाजूस, आणि कागदावाचून एक पाऊल न टाकणारे जर्मन वादक दुसऱ्या बाजूस. रचना म्हणून ‘हफ्त रंग’ श्रेष्ठ आहे असे आमचे मत नाही. तिच्यात काश्मिरी धुन पुढे चालते आणि वृंद तिला पाठीमागून रंगीत पडदा धरून उभा राहतो. दोन्ही परंपरा एकमेकींस प्रश्न विचारीत आहेत असे फार थोड्या जागी जाणवते. चार ओळींच्या परिचयानंतर दोन पाहुणे एकमेकांशी जसे बोलतात, तितपतच हे बोलणे. परंतु त्या थोड्या जागा होत्या. एके ठिकाणी काश्मिरी ताल जर्मन वादकांच्या मोजणीत बसत नाही असे वाटले, आणि क्षणभर सगळ्यांच्या माना छडीकडून वळून तालवाद्याकडे गेल्या. ऐंशी वादकांनी संचालकाऐवजी काश्मिरी वादकाकडे पाहावे, हा आमच्या मते त्या संध्याकाळचा सर्वांत मोलाचा क्षण होय. तो छापील कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

आता श्रोत्यांविषयी. श्रोते सुमारे १५०० होते आणि ते सर्व निमंत्रित होते. मंत्री, वकील, अधिकारी, उद्योगपती, दिल्ली-मुंबईहून आलेले प्रतिष्ठित. सुरक्षेचा बंदोबस्त मोठा होता. फुटीर गटांनी त्या दिवशी बंद पुकारला होता. त्याच दिवशी शोपियान येथे गोळीबारात माणसे मरण पावली. आणि त्याच दिवशी श्रीनगरातीलच म्युनिसिपल पार्कमध्ये नागरिकांच्या एका गटाने ‘हकीकत-ए-काश्मीर’ या नावाचा समांतर कार्यक्रम केला. त्यास निमंत्रण लागत नव्हते. एका गावात, एका दिवशी, एहसास आणि हकीकत अशी दोन नावे दोन बागांवर लागली होती. कार्यक्रमानंतर खुद्द मेहतांनीच असा अभिप्राय दिला की, पुन्हा येणे झाले तर सर्वांस येता येईल अशा मोकळ्या जागी, एखाद्या क्रीडांगणावर, वाजवावे. या एका उद्गारात आयोजकांवरील टीका संपूर्णपणे सामावली आहे, आणि ती संचालकाने स्वतः केली आहे.

येथे आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या संगीतशास्त्रात स्वरांचे चार प्रकार भरतापासून सांगितले आहेत: वादी, संवादी, अनुवादी आणि विवादी. वादी हा रागाचा राजा, संवादी त्याचा प्रधान, अनुवादी सेवक आणि विवादी शत्रू, असे रूपक पाठ्यपुस्तकांतून मुलांस शिकविले जाते. परंतु त्याच पुस्तकांतून पुढच्याच परिच्छेदात असेही सांगितलेले असते की, कुशल गायक विवादी स्वराचा अल्प प्रयोग करून रागाची शोभा वाढवितो. बिहागाचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या रागात तीव्र मध्यम मूळचा विवादी. शुद्ध मध्यमाच्या घरात त्याला जागा नव्हती. तो अल्प प्रमाणात, आडवळणाने, पंचमाच्या सोबतीने येऊ लागला, आणि आज तीव्र मध्यमावाचून कोणी बिहाग गाईला तर श्रोत्यांस तो अपुरा वाटतो. शत्रू म्हणून आलेला स्वर त्या रागाचा नागरिक झाला, आणि राग मोडला नाही. पाश्चात्त्यांकडेही वस्तुस्थिती याहून फार निराळी नाही. दोन स्वर एकमेकांवर आदळून कर्कशता निर्माण झाल्यावाचून बेथोव्हेनची सिंफनी एक पाऊल पुढे सरकत नाही. ती कर्कशता सुटण्याची वाट पाहत श्रोता बसलेला असतो. तेच तिचे नाट्य.

शालिमारमध्ये विवादी स्वर बागेच्या बाहेर ठेवण्यात आला होता. हा आक्षेप आम्ही राजकीय दृष्टीने घेत नाही. संगीताच्या दृष्टीने घेत आहोत. ज्या श्रोतृवृंदात सर्वच संवादी आणि अनुवादी आहेत त्याच्यापुढे शांतीचा संदेश वाजविणे म्हणजे षड्ज-पंचमावर तास काढणे होय. कानास गोड, आणि राग कोठेच नाही.

आम्ही सुरतेत राहतो, म्हणून एका जुन्या घटनेचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. १९०७ च्या डिसेंबरात याच गावी राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले होते. अध्यक्षांच्या निवडीच्या प्रश्नावर लोकमान्य टिळकांनी बोलण्याची मागणी केली, ती डावलली गेली. लोकमान्य व्यासपीठावर येऊन उभे राहिले, आणि पुढे जे झाले ते प्रत्येक मराठी शाळेत शिकविले जाते. मंडपातून मराठी बनावटीचा एक जोडा भिरकावला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांस लागला, आणि सभा मोडली. (तो जोडा कोणी फेकला याची चर्चा सुरतेतील म्हातारी मंडळी आमच्या लहानपणापर्यंत करीत असत, प्रत्येकाचा संशयित निराळा.) मवाळांस सभेत ऐक्याचा देखावा हवा होता, असे म्हटले तर ते अन्यायाचे होईल, परंतु बोलू न दिलेला विवादी स्वर अखेर जोड्याच्या रूपाने ऐकू आला, एवढे खरे. दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र आले ते १९१६ साली लखनौस, म्हणजे मध्ये नऊ वर्षे गेली.

योगायोग असा की, त्याच १९१६ साली, आमच्या शेजारच्या बडोद्यास, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची ती कल्पना. रागांच्या नियमांविषयी घराण्याघराण्यांत असलेले मतभेद मिटवावे, सर्व देशास एक स्वरलिपी द्यावी, आणि शक्य तर हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही पद्धती जवळ आणाव्या, असा त्यांचा भव्य संकल्प होता. भातखंडे यांच्याविषयी आम्हांस अत्यंत आदर आहे; त्यांच्यावाचून शाळेत संगीत हा विषयच उभा राहता ना. परंतु कागदावर एक झालेला राग गळ्यातून एक झाला नाही. घराणी वेगळी राहिली, आणि हिंदुस्थानी संगीताचे वैभव आज आपण ज्यास म्हणतो ते बरेचसे त्या न मिटलेल्या मतभेदांचेच वैभव आहे.

बडोद्याहूनच संगीताच्या बळावर जगास एक करावयास निघालेला आणखी एक मनुष्य होता. मौलाबक्ष यांनी १८८६ साली तेथे गायनशाळा काढली होती. त्यांचे नातू इनायत खान यांचा जन्म १८८२ चा. ते १९१० मध्ये समुद्र ओलांडून अमेरिकेस गेले, पुढे युरोपात राहिले, आणि सूफी विचार व संगीत यांची सांगड घालून त्यांनी मानवाच्या ऐक्याचा प्रसार केला. त्यांची कन्या नूर हिने पॅरिसला संगीताचे शिक्षण घेतले, मुलांसाठी जातककथा लिहिल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात ती ब्रिटिशांच्या गुप्त कार्यात बिनतारी यंत्रचालक म्हणून व्यापलेल्या फ्रान्समध्ये उतरली. पकडली जाऊन सप्टेंबर १९४४ मध्ये दाखाऊच्या छळछावणीत तिला ठार मारण्यात आले. दाखाऊ म्यूनिकच्या वेशीपाशी आहे. शालिमारमध्ये शांतीसाठी वाजविणारा वृंद त्याच म्यूनिकचा. आजच्या वादकांस त्याचा दोष लावण्याचा वेडगळपणा आम्ही करणार नाही. उलट, जर्मनांनी आपल्या भूतकाळाकडे ज्या धीटपणे पाहिले, तितका धीटपणा फार थोड्या राष्ट्रांनी दाखविला आहे. परंतु जगातील अत्यंत सुसंस्कृत संगीत ज्या शहरात दररोज वाजत होते, त्याच्या वेशीपाशी ती छावणी बारा वर्षे चालू राहिली, ही गोष्ट संगीताने शांती येते असे म्हणणाराने विसरता कामा नये.

बेथोव्हेनची नववी सिंफनी घ्या. मानवी बंधुत्वाचे तिच्याइतके मोठे गान पाश्चात्त्य संगीतात दुसरे नाही असे मानतात. १९ एप्रिल १९४२ रोजी, हिटलरच्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येस, फुर्टवेंगलर यांनी बर्लिनमध्ये तीच वाजविली. वर्णभेदावर उभ्या असलेल्या ऱ्होडेशियाने १९७४ मध्ये राष्ट्रगीतासाठी तिचीच चाल उचलली. १९८५ मध्ये युरोपीय समुदायाने तीच आपले गीत म्हणून स्वीकारली. आणि भिंत पडल्यावर, १९८९ च्या नाताळात, लिओनार्ड बर्नस्टाईन यांनी दोन्ही जर्मनींतील आणि चारही विजेत्या राष्ट्रांतील वादक एकत्र आणून बर्लिनमध्ये तीच वाजविली, आणि ‘आनंद’ या शब्दाच्या जागी ‘स्वातंत्र्य’ हा शब्द घातला. चारही वेळा स्वर तेच होते. स्वरांत संदेश असता तर निदान एखाद्या वेळी तरी त्यांनी वाजण्याचे नाकारले असते.

मग शांतीसाठी वाजविणे हे सर्वथा व्यर्थ काय? आम्हांस तसे वाटत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, आपण तिला नको त्या ठिकाणी शोधतो. श्रोत्यांच्या रांगेत ती सापडत नाही. तालमीच्या खोलीत कधी कधी सापडते. १९९९ मध्ये डॅनियल बॅरेनबॉइम हा इस्रायली संगीतकार आणि एडवर्ड सईद हा पॅलेस्टिनी पंडित या दोघांनी वायमार येथे वेस्ट-ईस्टर्न दिवाण नावाचा वृंद सुरू केला. नाव गटेच्या काव्यसंग्रहावरून, आणि तो संग्रह हाफिजाच्या प्रेरणेतून आलेला. इस्रायल, पॅलेस्टाईन, सीरिया, लेबनॉन, इजिप्त, जॉर्डन येथील तरुण वादक त्यात घेतले. दोन-दोन वादकांपुढे एकच स्टँड असतो, पाने एकाने उलटावयाची असतात. इस्रायली आणि सीरियन मुलगा एका स्टँडपुढे बसला म्हणजे दोघांस एकच स्वर एकाच धनुष्य-फेकीने काढावा लागतो. भांडण मिटत नाही. बॅरेनबॉइम यांनीही हा शांतीचा प्रकल्प आहे असे म्हणण्याचे नाकारले. परस्परांविषयीच्या अज्ञानाविरुद्ध आहे, इतकेच ते म्हणत. २१ ऑगस्ट २००५ रोजी हा वृंद रामल्ला येथे जाऊन वाजवून आला. तेवढ्यासाठी प्रत्येक वादकास काय काय परवानग्या आणि घरच्यांची काय काय बोलणी सोसावी लागली असतील याची कल्पना कोणीही करू शकेल. त्यानंतर त्या प्रदेशात किती युद्धे झाली हे वाचकांस ठाऊक आहे. दिवाण वृंदाचे यशापयश त्या युद्धांवरून मोजावयाचे नसते. एका स्टँडपुढे बसलेल्या दोघांनी पान उलटताना एकमेकांकडे पाहिले की नाही, एवढ्यावरून ते मोजावयाचे.

मेहतांचीच दुसरी एक मैफल याच्या शेजारी ठेवून पाहावी. जून १९९४ मध्ये साराजेव्होस वेढा पडलेला असताना त्यांनी त्या शहराच्या जळालेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या अवशेषांत मोत्सार्टचे ‘रिक्वियम’ सादर केले. वृंद साराजेव्होचाच, गायकही बहुतेक तेथलेच. प्रेक्षागृह म्हणावे असे काही तेथे नव्हते, छप्पर नव्हते. ऑगस्ट १९९२ मध्ये ज्या इमारतीत लाखो पुस्तके जळाली तिच्या राखेवर उभे राहून, ज्यांची माणसे रोज मरत होती तेच लोक मृतांसाठीचे गान गात होते. तेथे कोणी कोणास शांतीचा उपदेश केला नाही. साराजेव्होस संचालक तेथील लोकांच्या शोकात सामील होण्यास गेला. श्रीनगरास वृंद तेथील लोकांकरिता एक भेट घेऊन गेला, आणि भेट दारात न देता पाहुण्यांतच वाटली गेली. छडी तीच, हात तोच. ‘हफ्त रंग’चा तेवढा अपवाद आम्ही वर केलाच आहे, आणि तोही तालमींच्या पुण्याईने घडलेला आहे.

एका बाजूचाच दोष सांगून थांबलो तर ते न्यायाचे होणार नाही. त्याच २०१३ च्या फेब्रुवारीत श्रीनगरातीलच तीन शाळकरी मुलींनी काढलेला ‘प्रगाश’ नावाचा बँड बंद पडला. त्यांनी आदल्या डिसेंबरात एका स्पर्धेत प्रथमच वाजविले होते. धमक्या आल्या, मुफ्तींनी त्यांचे गाणे धर्मबाह्य ठरविले, आणि दहावीतील त्या मुलींनी वाद्ये खाली ठेवली. सप्टेंबरात संगीताच्या नावाने शालिमारवर रोष करणाऱ्यांपैकी किती जण फेब्रुवारीत त्या मुलींच्या बाजूने उभे राहिले होते, आणि सप्टेंबरात काश्मीरच्या संगीतप्रेमाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी किती जणांस त्या मुलींस शालिमारमध्ये एक रचना वाजवावयास बोलवावे असे सुचले, हे दोन्ही प्रश्न आम्ही एकाच स्वरात विचारू इच्छितो. ‘प्रगाश’ म्हणजे अंधारातून प्रकाशाकडे, असा त्या शब्दाचा अर्थ सांगतात. शाळामास्तर म्हणून आम्हांस ऐंशी जर्मनांपेक्षा त्या तिघींची आठवण अधिक येते.

आणि शाळामास्तर म्हणूनच एक गोष्ट नमूद करणे आम्हांस भाग आहे, नाहीतर वरील सारी टीका परक्याच्या अंगणात उभे राहून केल्यासारखी होईल. आमची शाळा मराठी माध्यमाची. मुले बहुतेक यंत्रमागांवर काम करणाऱ्यांची, घरी अहिराणी बोलणारी. वस्तीत उडिया, भोजपुरी, गुजराती सर्व काही. दर २६ जानेवारीस पाहुण्यांसमोर राष्ट्रीय ऐक्याचे समूहगीत होते. संगीताचे शिक्षक हुशार आणि कानाचे तिखट. ज्या मुलांचा स्वर लागत नाही, किंवा ज्यांचा उच्चार गावंढळ वाटतो, त्यांस ते मागच्या रांगेत उभे करून सांगत, ‘तुम्ही नुसते ओठ हलवा.’ हे अनेक वर्षे आमच्या डोळ्यांदेखत चालले, आणि त्यास आमची संमती होती. किंबहुना एका वर्षी निरीक्षक येणार होते म्हणून आम्हीच ओठ हलविणारांची संख्या वाढविली. गाणे सुरेल होई. पाहुणे ऐक्यावर बोलत. पन्नासांपैकी वीस मुले मुकी उभी आहेत हे समोरून दिसत नसे.

शालिमारचा कार्यक्रम पाहत असता आम्हांस ती मागची रांग आठवली, हे लपविण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षी आम्ही शिक्षकांस सांगितले की, सर्वांनी गावे. त्यांनी विरोध केला, आणि विरोध करताना जे म्हटले ते संगीताच्या दृष्टीने निरुत्तर करणारे होते: बेसूर गळे मिसळले तर गीत मरते, आणि मेलेल्या गीताने कोणाचे ऐक्य होणार? अखेर तोड अशी निघाली की, ज्यांचा स्वर लागत नाही त्यांस डिसेंबरपासून रोज पंधरा मिनिटे वेगळे बसवून शिकवावे. त्यातली काही शिकली. काही शिकली नाहीत, आणि तीही आता मोठ्याने गातात. गीत पूर्वीइतके सुरेल होत नाही. एका पाहुण्यांनी तसे बोलूनही दाखविले. संगीताचे शिक्षक आजही जानेवारी आला की आमच्याशी चार दिवस नीट बोलत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक आहे असे आम्हांस अद्याप म्हणता आलेले नाही.